डर्थ आणि व्याह्यांचा रुसवा

आमच्या तात्यांना एक खोड होती. कुणाकडे काही मंगल कार्य निघालं आणि चार माणसं जमली, की हे उभे राहणार आणि एका इंग्रजी शब्दाची जन्मकथा सांगणार. बारशाला एक शब्द, मुंजीला एक शब्द. एकदा तर कुणाच्या तेराव्यालाही उठून उभे राहिले होते, तेव्हा आईने धोतराचा सोगा ओढून खाली बसवलं.

तात्या म्हणजे माझे वडील, विष्णुपंत पोतनीस. त्यांच्या पणजोबांनी शिंद्यांच्या दफ्तरात मोडी लिहून पोट भरलं आणि तात्यांनी उज्जैनच्या शाळेत इंग्रजी शिकवून. त्या भाषेतले साहेब आपला गाशा गुंडाळून गेले, पण तात्यांचं तिच्यावरचं प्रेम काही गेलं नाही. "अगं, साहेब गेला म्हणून शब्दांनी काय घोडं मारलंय?" म्हणायचे.

मी जयू. माझं लग्न ठरलं तेव्हा आमचं उज्जैन मध्यभारतात होतं. संस्थान जाऊन नवं राज्य आलं होतं. सरकार अर्धं वर्ष ग्वाल्हेरला राहायचं, अर्धं वर्ष इंदूरला, आणि साखर कुठेच राहायची नाही. गहू कार्डावर, साखर कार्डावर, घासलेट कार्डावर. वर हुकूम असा, की लग्नात पंचवीस पानांपेक्षा जास्त जेवण उठवायचं नाही. आता तुम्हीच सांगा, इंदूरहून येणारं वऱ्हाडच वीसेक माणसांचं. राहिलेल्या पानांत आम्ही भटजींना बसवायचं, की मामाला, की अख्ख्या गल्लीला?

तर माझ्या लग्नासाठी तात्यांनी शब्द निवडला 'डर्थ'. म्हणजे टंचाई. आई म्हणाली, "आपल्यात टंचाई आहे, तुटवडा आहे, चणचण आहे, वानवा आहे. शेजारी किल्लत म्हणतात. एवढे घरचे शब्द असताना हा परदेशातून कशाला मागवला? शब्दांची तेवढी किल्लत नाहीये आपल्याकडे."

"अगं पण गंमत ऐक तरी," तात्या म्हणाले. ती गंमत मी आठवडाभर ऐकत होते, कारण भाषणाची तालीम माझ्यासमोर चालायची. मी शेवया वाळत घालत असायची आणि तात्या खांबाला टेकून सांगायचे. वॉर्मपासून वॉर्मथ झालं, ट्रूपासून ट्रुथ झालं, तसं डिअरपासून डर्थ. डिअर म्हणजे महाग, मोलाचं. त्यामुळे सहा-सातशे वर्षांपूर्वी डर्थ म्हणजे टंचाई नव्हतीच मुळी. नुसती महागाई, मौल्यवानपणा. पुढे दुष्काळात धान्य महाग व्हायला लागलं, तेव्हा लोक महागाईला म्हणायचा शब्द दुष्काळालाच लावू लागले. मग धान्य गेलं मागे आणि कशाचीही वाण पडली की डर्थ.

मला हे आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण लग्नात कोण ऐकणार, असंही वाटायचं. आणि भाषणाचा दुसरा भाग तात्या मला ऐकवतच नव्हते. "तो आयत्या वेळी," म्हणायचे आणि उठून जायचे.

आता व्याह्यांचं सांगते. गोपाळराव दिघे. सिव्हिल सप्लायमध्ये अधिकारी. म्हणजे गोदामं तपासायची, दुकानांवर छापे घालायचे, लग्नातली पानं मोजायची, ही त्यांची नोकरी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि माधव. माणूस असा कडक, की रस्त्यातून चालले की किराणेवाले उगाचच तराजू पुसायला लागायचे.

आणि माधव? माधव इंदूरला बँकेत होता. मला दाखवायला नेलं तेव्हा त्याने काही म्हणजे काही विचारलं नाही. शेवटी मीच विचारलं, "तुम्हाला हसायला येतं का हो?" तर तो असा काही हसला की बशीतला चहा सदऱ्यावर सांडला. मला तो त्याच क्षणी आवडला. त्या काळी हे बोलायची सोय नव्हती, आता बोलते. मला लग्न करायचं होतं ते याच मुलाशी. दुसऱ्या कुणाशी म्हटलं असतं तर मी शिप्रेच्या घाटावर जाऊन बसले असते आणि उठले नसते.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने वऱ्हाड आलं. फ्रीगंजमधली एक धर्मशाळा आम्ही जानोशाला घेतली होती. तिथेच सीमांतपूजन. सीमांतपूजनाला नवरी नसते, तेव्हा मी आपली घरी, अंगाला हळद लागलेली, मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसलेली. संध्याकाळ व्हायच्या आत आई आणि गल्लीतल्या बायका टांगे भरभरून परत आल्या त्या हसतच.

"रुसले गं बाई, रुसले!" आई उंबऱ्यातूनच ओरडली. "इथे वरमाय नाही म्हणून मी म्हणत होते लग्न अगदी अळणी होणार. पण वरबापच रुसला की!"

झालं असं होतं. पूजा झाली, तात्या उभे राहिले आणि डर्थ सुरू झाला. डर्थ म्हणजे मुळात टंचाई नव्हेच, माल असतो हो, पण तो महाग होऊन बसतो, असं म्हणताना तात्यांनी हात केला तो नेमका व्याह्यांकडे. गोपाळराव पाटावरून उठले. उपरणं झटकलं. आतल्या खोलीत गेले आणि कडी लावून घेतली.

आता आमच्याकडे लग्नात मुलाकडच्यांनी रुसायचं आणि मुलीकडच्यांनी त्यांची समजूत काढायची, ही रीतच. कुणी जेवणावरून रुसायचं, कुणी मानपानावरून. जो जास्त ताणेल तो खरा व्याही. समजूत काढायला हातावर साखर ठेवायची, गाणी म्हणायची, चेष्टा करायची, मग तो लटका राग सोडून हसत बाहेर येणार. आईने ताबडतोब पूजेतली साखरेची वाटी उचलली आणि बायका घेऊन दाराशी उभी राहिली. आमच्या समोरच्या गेंदाभाभीला तर ऊत आला. "समधीजी रूठे हैं तो मनाओ!" म्हणत तिने दारावर ढोलक वाजवायला घेतली. अर्धा तास गाणी झाली. दार उघडलं नाही.

"उघडेल कसं? खानदानी माणूस आहे, उद्या सकाळपर्यंत ताणणार," आई कौतुकाने म्हणाली. वाटी दाराशी ठेवून सगळ्या परत आल्या होत्या.

तात्या तेवढे हसत नव्हते. "अगं, मला तो राग लटका नाही वाटला," ते म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय लग्नातलं? तुम्ही शब्द सांगा."

एवढ्यात बाबूखाँ टांगेवाला वाटी घेऊन हजर. साखर जशीच्या तशी. म्हणाला, "छोटे साहब ने भेजा है। बोले, बाबूजी सचमुच नाराज हैं।"

माझ्या हातातली कळी तिथेच राहिली. रुसलेला व्याही साखर परत पाठवत नाही. चिमूटभर तरी तोंडात टाकतोच, नाहीतर खेळ पुढे सरकणार कसा? पण आईला ते पटेना. "माधवसुद्धा सामील आहे बापाला. वाटीने काय होतंय? डबा पाठवू!"

"आई, नको."

"तू नवरी आहेस, तोंड मिटून बस." आणि तिने कोठीतून साखरेचा पितळी डबा काढला, वर कुंकवाचं बोट ओढलं आणि बाबूखाँच्या टांग्यात ठेवला. जिलबीसाठी जमवलेली सगळी साखर होती ती.

जरा विचार करा. सप्लायचा अधिकारी. टंचाईचे दिवस. आणि मुलीकडचे लोक त्याच्या दारात साखरेने गच्च भरलेला डबा पाठवताहेत! दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसांना ही चूक सुचलीही नसती. आमच्या आईला मात्र त्यात काही वावगं दिसेना, कारण रीत म्हणजे रीत.

डबा परत आला तो झाकणाला सुतळी बांधून. बाबूखाँचा चेहरा उतरलेला. "बड़े साहब बोले, रिश्वत उठाओ और ले जाओ। सुबह की गाड़ी से सब वापस जा रहे हैं।"

आई मटकन खाली बसली. "रिश्वत? मी? व्याह्यांना?" एवढंच म्हणत राहिली. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. गेंदाभाभी तोंडावर पदर धरून उभी. मला आधी रडू आलं आणि लगेच त्या रडण्याचा राग आला. म्हटलं, लग्न माझं, मोडतंय माझं, आणि मी कळ्या ओवत बसू? मी उठले आणि टांग्यात जाऊन बसले. डबा शेजारी.

"जयू! हळद लागलीय अंगाला! उंबरा ओलांडू नकोस!" आई किंचाळली.

तो तर मी केव्हाच ओलांडला होता. बाबूखाँने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि घोड्याला म्हणाला, "चल बेटा, आज अपनी खैर नहीं।"

पुलावरून फ्रीगंजला जाईपर्यंत सगळा बाजार माझ्याकडे बघत होता. पिवळी जर्द मुलगी, डोक्यावर पदर, मांडीशी डबा. बघेनात का.

धर्मशाळेच्या ओट्यावर माधव उभा होता. मला बघून त्याचा चेहरा एकदम उजळला आणि मग लगेच घाबरला. "जयू, ते ऐकत नाहीयेत गं कुणाचं," तो म्हणाला. मी म्हटलं, "बाजूला व्हा." लग्नाआधी नवऱ्याशी बोललेलं माझं हे दुसरंच वाक्य.

गोपाळराव ट्रंकेवर बसले होते. कोट चढवलेला, टोपी घातलेली, वळकटी बांधलेली. गाडी सकाळची आणि हे आत्तापासून तयार.

"मामंजी," मी म्हटलं.

"मी अजून कुणाचा मामंजी झालो नाही."

"म्हणून तर आत्ता बोलून घेते. उद्यापासून तुमच्यापुढे बोलायची चोरी होईल."

त्यांनी मान वर केली. इतकी हळद बघून असेल किंवा आणखी कशाने असेल, पण मला हाकललं नाही.

"ही साखर लाच नाही," मी डबा पुढे ठेवला. "आमच्याकडे एवढी साखर यायची कुठून? गल्लीने दिलीय. गेंदाभाभीने, कुसुममावशींनी, कोपऱ्यावरच्या, कापड छापणाऱ्या छीपांच्या घराने, जो तो आपापल्या कार्डावरची वाटी-वाटी आणून देत होता. होळीपासून आमची गल्ली गुळाचा चहा पितेय. आता शेजाऱ्याला आपली साखर देणं गुन्हा असेल तर तसं सांगा, सगळ्यांना घेऊन येते, बेड्या घाला."

"विकली तर गुन्हा," ते सवयीने बोलून गेले.

"आणि दिली तर?"

"दिली तर त्याला कलम नाही."

"मग?"

"मग ती माझ्या दारात का पाठवली? आधी तुझे वडील चारचौघांत म्हणाले की माल असतो, टंचाई नसते. कुणाकडे हात केला? माझ्याकडे. म्हणजे मी दडवून ठेवतो, नाही का? मुली, मी अशी गावं बघितली आहेत जिथे खरोखर दाणा नव्हता. कोठीत हात घालून बघितलंय मी. आणि मग दाराशी बायका जमवून ढोलकी वाजवून मला हिणवायचं, आणि वर हा डबा!"

"हिणवायला नव्हत्या आल्या. समजूत काढायला आल्या होत्या."

"कुणाची?"

"तुमची. तुम्ही रुसलात असं वाटलं त्यांना. रीतीचं रुसलात."

गोपाळराव माझ्याकडे बघतच राहिले. "रीतीचा रुसवा? मी?"

"हो. आई तर खूश झाली होती. म्हणाली, काय ताणून धरलंय, खानदानी माणूस आहे."

"म्हणजे ती ढोलकी..."

"चेष्टा होती. व्याह्यांची करतात तशी."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझी चेष्टा कुणी करत नाही," ते म्हणाले. "या नोकरीत आल्यापासून कुणी केलीच नाही. मी लग्नाला गेलो की हसणं बंद होतं. आतल्या खोलीची दारं लागतात. कुणी पान मोजून वाढतं, कुणी घाबरून जातं, कुणी जाताना खिशात काहीतरी कोंबू बघतं. सरळ मनाने कुणी जेवायला वाढलंय असं आठवतच नाही मला. मला वाटलं, मुलाच्या लग्नात तरी..."

मला भडभडून आलं. इतका वेळ मी त्या माणसावर चिडले होते, आता त्याला आपुलकीच्या घासावाचून ठेवणाऱ्या सगळ्या जगावर चिडले. पण माझं चिडणं आणि माझी माया यांचा आवाज एकच. मी म्हटलं, "मग इथे ट्रंकेवर बसून काय मिळणार आहे? रुसायचं तर आमच्या घरी येऊन रुसा. इथे फ्रीगंजपर्यंत कोण येत बसणार समजूत काढायला? टांग्याला पैसे पडतात!"

आधी माधव हसला, दाराबाहेरून. मग मोठे साहेब हसले. हसायची सवय नव्हती, त्यामुळे जरा खोकल्यासारखं वाटलं, पण हसलेच.

परतताना टांग्यात पुढे मी, मागे गोपाळराव, मध्ये डबा. माधवला मी जानोशातच ठेवलं. एवढी तरी रीत पाळायला हवी होती.

आमच्या स्वयंपाकघरात सगळी गल्ली जमली होती. मी बेधडक त्यांना मागच्या दाराने आतच नेलं. सप्लायवाल्यांना दारात बघून काय झालं असेल? बोलणं बंद. कुसुममावशींनी तेलाच्या भांड्यावर ताट झाकलं. गेंदाभाभीने कणकेच्या परातीवर चक्क फतकल मारली असती, मी हात धरला म्हणून वाचली. गोपाळरावांनी माझ्याकडे बघितलं. 'सांगितलं नव्हतं?' असं त्या बघण्यात होतं.

"अगं, झाकताय काय?" मी ओरडले. "व्याही आलेत! उघडा सगळं!" आणि मीच एकेक ताट उचलत सुटले. "ही कणीक. हे तेल. ही डाळ, भिजत घातलेली. बघा, मामंजी, सगळं बघा. पंचवीस पानांचं आहे, वर एक नाही."

तात्या पुढे आले. त्यांनी हात जोडले. "गोपाळराव, चूक माझी. मी अर्धंच बोललो आणि हात भलतीकडे गेला. तुमच्याकडे नव्हता केला, तुमच्या मागे गल्लीतली मंडळी उभी होती, त्यांच्याकडे केला होता. मला पुढे म्हणायचं होतं, की हा शब्द करणारी माणसं शहाणी होती. 'संपलं' असं नाही म्हणाली ती. 'मोलाचं झालं' म्हणाली. या लोकांनी मला वाटी-वाटी साखर दिली. यापूर्वी कधी साखर इतकी मोलाची वाटली नव्हती मला. आणि ज्यांनी दिली त्यांनाच उद्या जेवायला बसवता येत नाही, पानं पुरत नाहीत. भाषणात तरी त्यांचं नाव घ्यावं म्हणून तो शब्द."

"आणि तेवढंच?" गोपाळरावांनी विचारलं.

तात्या माझ्याकडे बघायला लागले. "शेवटी एक वाक्य जयूसाठी होतं. की उद्यापासून आमच्या घरात..." पुढे त्यांना येईना. आयुष्यभर शब्द शिकवलेला माणूस, पण त्याला पुढचा शब्द सापडेना. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "तात्या, कळलं मला." त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला माझी हळद लागली, ती काही केल्या धुऊन निघाली नाही.

गोपाळराव भिंतीला टेकून चक्क जमिनीवर बसले. कोट काढून ठेवला. "किती घरं आहेत गल्लीत?"

"असतील पंचवीस-तीस," आई घाबरत म्हणाली.

"हुकूम धान्याच्या जेवणाचा आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कचेरीतला झाला. "गहू, तांदूळ, डाळ, मैदा, बेसन. रताळी, बटाटे, शेंगदाणे, शिंगाडा, राजगिरा, मोरधन म्हणजे वरी, दूध, फळं, यांना मोजणी नाही. या पदार्थांना शंभर माणसं बसली तरी सरकारचं काही म्हणणं नाही."

सगळ्यांना अर्थ कळायला थोडा वेळ लागला. आधी कळला तो आईला.

"उपासाचं?" ती उडालीच. "लग्नात उपासाचं जेवण? अवदसा आठवलीय का? माझ्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नात मी मोरधनाचा भात वाढू? लोक म्हणतील लग्न आहे की एकादशी!"

"वरबाप पहिल्या पानावर बसेल," गोपाळराव म्हणाले. "मग कोण काय म्हणणार आहे?"

"पण वऱ्हाडाला जिलबी कबूल केलीय आम्ही!"

"वरपक्षाने जिलबी सोडली. लिहून देऊ का?"

"आणि भटजी?"

भटजी ओसरीवर पंचांग उघडून बसले होते, तिथूनच ओरडले, "शिंगाड्याच्या शिऱ्याला आमची हरकत नाही हो!"

झालं. गेंदाभाभी "हाय राम, ब्याह में फलाहार!" म्हणत हसत सुटली ती थांबेचना. मग कुणी रताळी आणायला पळालं, कुणी शेंगदाणे भाजायला बसलं, छीपांच्या घरून दुधाची बरणी आली. डब्याची सुतळी गोपाळरावांनी स्वतः सोडली. आई अजून कुरकुरत होती, पण शिंगाड्याचं पीठ किती लागेल ते मनात मोजतही होती, मला तिचा चेहरा वाचता येतो.

दुसऱ्या दिवशी ऐन मुहूर्तावर माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या. अक्षता मात्र तांदळाच्याच. अंतरपाट दूर झाला तेव्हा समोर माधव उभा होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं, मलाही नव्हतं.

आणि मग गल्लीभर पंगत बसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पळसाच्या पत्रावळी. मोरधनाचा भात, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या तळलेल्या काचऱ्या, आणि तुपात थबथबलेला शिंगाड्याचा शिरा. इंदूरचं वऱ्हाड, शाळेतले मास्तर, छीपांचं अख्खं घर, बाबूखाँ, कोपऱ्यावरच्या विधवा अहल्याबाई ज्यांना कुणी कधी पंगतीला बोलावत नसे, सगळे एका रांगेत. मी आणि माधव बसलो होतो आणि आमच्या शेजारी पहिल्या पानावर गोपाळराव, उघड्या अंगाने, सोवळं नेसून.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे व्याह्यांना आग्रह करायचा असतो. वाढणाऱ्याने वाढत जायचं, व्याह्यांनी पानावर आडवा हात धरून "पुरे, पुरे" म्हणायचं, आणि तरी हाताच्या फटीतून वाढायचं. तात्यांनी पहिला वाढला शिरा. मग आईने. मग गेंदाभाभी डाव घेऊन आली, "समधीजी, मेरे हाथ का!" मग कुसुममावशी. मग अहल्याबाई उठल्या आणि बिचकत, अगदी एवढासा वाढून गेल्या. गोपाळराव खात होते. पानावर हात काही आडवा येत नव्हता. वाढलं की खायचे, पुन्हा वाढलं की पुन्हा खायचे. वाढणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आई पातेल्यात डोकावली आणि मला डोळ्यांनी खुणावलं, की आता काय करू?

मी वाकून हळूच म्हटलं, "मामंजी, पुरे म्हणायचं असतं. तुम्ही म्हटल्याशिवाय त्या थांबणार नाहीत."

त्यांचा घास हातातच राहिला. माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"अरे हो, असं म्हणतात नाही का," ते म्हणाले. "विसरलोच होतो मी." आणि मग आईकडे वळून, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विहीणबाई, आणखी थोडा वाढा."